पैसा स्पीकरवर, मेहनत खोलीवर

स्टिरिओ नीट मांडलेला असला की गायिकेचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून येतो. तिथे खरं तर काहीच नसतं. दोन्ही बाजूंनी तोच आवाज, तेवढाच मोठा आणि एकाच क्षणी कानावर पडला की मेंदू तो मधोमध नेऊन ठेवतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ साली अशा दोन वाहिन्यांच्या ध्वनीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. ही किमया किती नाजूक आहे बघा: एक स्पीकर फूटभर जवळ असला की त्याचा आवाज सुमारे १ मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि गायिका सरळ त्याच्याकडे सरकते. म्हणून दोन्ही स्पीकर आपल्यापासून सारख्या अंतरावर हवेत. टेप घेऊन मोजा. याला पैसे लागत नाहीत.

हातात पैसे मोजकेच असतील तर त्यांतला मोठा वाटा स्पीकरला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. विजेच्या लहरीचं रूपांतर कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या शंकूच्या हालचालीत करायचं हे सगळ्या साखळीतलं सर्वांत अवघड काम. आजचा साधा ॲम्प्लिफायरही मूळ लहरीत नगण्य बिघाड करतो. स्पीकर मात्र मोठ्या आवाजात, विशेषतः खर्जात, त्याच्या कितीतरी पट बिघाड करतो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम लक्षात येईल इतका. त्याऐवजी स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठा वाजतो, ते पाहा. ८६ डेसिबलच्या जागी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला तर ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केल्याचा परिणाम आपोआप मिळतो. घरातल्या नेहमीच्या ऐकण्यात सरासरी १ वॅटसुद्धा क्वचितच लागतो. बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. तारेचं तर फार मनावर घेऊ नये. दीड चौरस मिलिमीटर जाडीची ३ मीटर तांब्याची तार जाऊन-येऊन ०.०७ ओहमच्या आसपास रोध देते, समोर स्पीकरचे ८ ओहम. त्या फरकासाठी महागडी तार घ्यायचं कारण नाही.

जुने स्पीकर स्वस्तात चांगले मिळतात, पण घेण्याआधी जाळी काढून बघा. वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या, भोवती फोमची कड असेल तर तिला बोट हलकेच लावा. वय झालेला फोम बोटाखाली चुरतो, हाताला चिकट भुकटी लागते. रबराची कड सहसा जास्त टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू सगळीकडून सारखा, अगदी हळू आत दाबा. खरखर आली तर आतली कॉइल, म्हणजे शंकूला हलवणारं तारेचं वेटोळं, घासतेय. तो स्पीकर सोडून द्यावा.

आणि खोली! ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास खर्ज घुमतो, कारण त्या लहरीची अर्धी लांबी नेमकी दोन भिंतींमध्ये बसते. भिंतीजवळ तिचा दाब सर्वांत जास्त, म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ढब् ढब् ऐकू येतं. सोफा दोन-तीन फूट पुढे ओढला की तेच गाणं मोकळं होतं. गालिचा आणि जाड पडदे वरच्या सुरांची चरचर कमी करतात, खर्जावर त्यांचा उपाय चालत नाही.

सगळं जोडून झाल्यावर एकाच माणसाच्या बोलण्याचं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून अगदी तोच आवाज देणारं, रेकॉर्डिंग लावा. आवाज मधोमध उभा राहायला हवा. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा, धूसर वाटला आणि खर्जही गायब असला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच एका स्पीकरमागे तारांची अदलाबदल करा, आणि परत येऊन खुर्चीत बसा. आता बोलणारा समोरच्या रिकाम्या जागेत असेल.