सायटोकाइन आणि एनके पेशींवरचे इनहिबिटरी रिसेप्टर

एनके म्हणजे नॅचरल किलर पेशी, कॅन्सरच्या किंवा विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांनी समोरची पेशी मारू नये म्हणून ब्रेक लावणारे त्यांच्यावरचे इनहिबिटरी रिसेप्टर, सायटोकाइनमुळे (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांमुळे) कमीजास्त कसे होतात, असा हा विषय. या पेशींची ओळख १९७५ च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेतल्या गटांनी जवळपास एकाच वेळी करून दिली, ब्रेकची बाजू मात्र उशिरा कळली: १९८६ ला क्लास कारे आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधल्या लिम्फोमावर (लिम्फ पेशींच्या कॅन्सरवर) दाखवलं की एमएचसी क्लास-१ (जवळपास सगळ्या निरोगी पेशींवर असणारं 'आपली' अशी ओळख देणारं प्रथिन) हरवलेली पेशी एनके सोडत नाही, यालाच 'मिसिंग सेल्फ' म्हणतात. इनहिबिटरी रिसेप्टर ही ओळख पटली की आतल्या आयटिम नावाच्या तुकड्यावरून एसएचपी-१ सारखी फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारी एन्झाइम) बोलावून मारण्याचा सिग्नल दाबतात.

सायटोकाइनने सगळ्यात जास्त हलतो तो एनकेजी२ए हा रिसेप्टर, जो सीडी९४ या प्रथिनाबरोबर जोडीने एचएलए-ई (माणसातला एमएचसी क्लास-१ चा एक प्रकार) ओळखतो. आयएल-२ किंवा आयएल-१५ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, सायटोकाइनचाच एक गट) मध्ये पेशी वाढवल्या की एनकेजी२ए असलेल्यांचं प्रमाण वाढतं हे नक्की. भांडण आहे ते का वाढतं यावर. एक म्हणणं असं की सायटोकाइन रिसेप्टर नव्याने आणतो. दुसरं असं की ज्यांच्यावर तो आधीच आहे त्या, विशेषतः सीडी५६ ब्राइट (सीडी५६ हे प्रथिन भरपूर असलेल्या) एनके पेशी, भराभर विभागतात आणि टक्का आपोआप चढतो. दोन्ही होत असावं, पण नुसत्या टक्केवारीवरून 'आयएल-१५ ने रिसेप्टर आणला' म्हणणं घाईचं वाटतं. टीजीएफ-बीटा आणि आयएल-१२ या सायटोकाइनने एनकेजी२ए वाढतो, यावरचं सुरुवातीचं बरंचसं काम तर टी पेशींवरचं (वेगळ्या रोगप्रतिकारक पेशींवरचं) आहे आणि लोक ते सर्रास एनकेला लावतात.

किर या एनकेवरच्या दुसऱ्या रिसेप्टर-कुटुंबाचं उलट. कुठला किर चालू हे बरंचसं प्रमोटरच्या (जीन चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागाच्या) मिथायलेशनवर, म्हणजे त्यावर बसलेल्या रासायनिक खुणांवर ठरतं, म्हणून तयार पेशीत थोड्या दिवसांच्या सायटोकाइनने फार काही हलत नाही, पण मिथायलेशन काढणारं अझासायटिडीन हे औषध दिलं तर बंद किर दिसायला लागतात. मूळपेशींपासून एनके घडताना आधी एनकेजी२ए येतो, किर नंतर, आणि त्यासाठी आयएल-२१ ची मदत होते असे प्रयोग आहेत.

टिम-३ हा आणखी एक रिसेप्टर आयएल-१२, आयएल-१५ आणि आयएल-१८ एकत्र दिल्यावर वाढतो, मात्र तो ब्रेक की नुसती सक्रिय झाल्याची खूण यावर एकमत नाही. पीडी-१ या टी पेशींवरच्या ब्रेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिसेप्टरचं तर त्याहून अवघड: आयएल-१८ ने उंदरांत तो वाढतो, ग्लुकोकॉर्टिकॉइड (स्टेरॉइड हॉर्मोन) सोबत असेल तर माणसातही, असं काहींना दिसलं, पण २०२० च्या एका मोठ्या तपासणीत उंदीर-माणूस दोघांच्या एनकेवर पीडी-१ अगदीच नाममात्र निघाला. इथे ही दुसरी बाजू जास्त पटते.

सायटोकाइनचा समोरच्या पेशीवरही असर होतो. एनकेनेच सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या सायटोकाइनमुळे ट्यूमरवर एचएलए-ई वाढतो, म्हणजे ब्रेक दाबणारा पाय तिकडून येतो. म्हणूनच एनकेजी२ए अडवणारं मोनालिझुमॅब हे अँटीबॉडी औषध आलं. डोकं-मानेच्या कॅन्सरमधली त्याची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल २०२२ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवली.