तंतुप्रबलित क्रेप कागदपट्टी

ताणली असता लांबणाऱ्या चुणीदार (क्रेप) कागदात काच, पॉलिएस्टर, रेयॉन, ताग यांसारखे बळकट धागे बसवून तयार केलेली औद्योगिक वेष्टनपट्टी. पोलादी तारेची वेटोळी, पत्र्याच्या गुंडाळ्या, नळ, केबल, यंत्रांचे गोलाकार भाग अशा वस्तू साठवणीत आणि वाहतुकीत ओल, धूळ व घर्षण यांपासून जपण्यासाठी ती त्यांच्याभोवती वेढतात. या पट्टीने वस्तूच्या वळणानुसार ताणले जावे आणि आवळताना तुटूही नये, अशा दोन अपेक्षा असतात. पहिला गुण कागदाच्या चुण्यांतून येतो, दुसरा धाग्यातून. हे दोन्ही गुण एकमेकांच्या आड येतात, त्यामुळे धागा किती बळकट आहे यापेक्षा तो कागदात कसा बसवला आहे, यावर पट्टीचे यश अधिक अवलंबून असते.

ताणाची गरज का पडते

सपाट, न ताणणारी पट्टी एकाच दिशेने वळू शकते. सरळ नळावर ती तिरकस वेढ्यांनी नीट बसते. टायर किंवा तारेचे वेटोळे यांचा पृष्ठभाग मात्र दोन दिशांनी वळलेला असतो. अशा पृष्ठभागावर पट्टीच्या मध्यभागाला आणि कडांना वेगवेगळी लांबी लागते. ती न मिळाल्यास कडा उचलल्या जातात, सुरकुत्या पडतात आणि त्यांखालून दमट हवा आत शिरते. कागद जिथे हवा तिथे थोडा लांबला, तर हा प्रश्न सुटतो. साधा क्राफ्ट कागद (वेष्टनाचा बळकट तपकिरी कागद) यंत्रदिशेने, म्हणजे कारखान्यात तो ज्या दिशेने पुढे सरकतो त्या दिशेने, जेमतेम २ ते ३ टक्के लांबून तुटतो. क्रेप कागद कामानुसार १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत, काही विद्युत्-विसंवाहक प्रकारांत त्याहूनही अधिक लांबतो.

चुण्या पाडण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. ओलसर किंवा कोरडा कागद एका मोठ्या गुळगुळीत सिलिंडरला चिकटवून फिरवतात आणि एका जागी स्थिर पाते लावून खरवडून काढतात. पात्याच्या तोंडाशी कागद स्वतःवरच दाबला जाऊन त्याच्या बारीक आडव्या घड्या पडतात. पुढचे रीळ सिलिंडरपेक्षा सावकाश फिरते, म्हणून त्या घड्या टिकतात. सिलिंडरचा वेग मिनिटाला १०० मीटर आणि रिळाचा ८० मीटर असेल, तर ८० मीटर क्रेप कागदात १०० मीटर सपाट कागद सामावलेला असतो. तो पूर्ण उलगडला की २५ टक्के लांबतो. हा ताण रबरासारखा परत फिरणारा नाही. एकदा उलगडलेली चुणी बहुतांशी उलगडलेलीच राहते. कागदाला ताण देण्याची दुसरीही एक वाट आहे. कापड आधीच आटवून घेण्याच्या सॅन्फोरायझिंग प्रक्रियेचे जनक सॅनफर्ड क्लूएट यांनी तेच तत्त्व ओल्या कागदाला लावले आणि १९५०च्या दशकात ‘क्लूपॅक’ नावाचा ताणक्षम कागद आला. त्यात डोळ्यांना दिसणाऱ्या चुण्या नसतात, पण त्याचा ताणही क्रेपच्या मानाने थोडाच असतो. पिशव्यांना तो उत्तम. वळणदार वस्तू वेढण्यासाठी तो पुरत नाही.

धागा आणि चुणी यांचा विरोध

चुण्या असलेला कागद हलक्या ओढीनेही लांबू लागतो, आणि कडेला बारीकशी चीर असली तरी ती पट्टीभर आडवी पळते. यंत्र सतत ओढ देत असताना किंवा पट्टी पत्र्याच्या धारदार कोपऱ्यावरून जात असताना हे हमखास घडते. त्यावर लांबीच्या दिशेने सरळ धागे चिकटवावेत, हा उपाय पटकन सुचतो. मात्र त्याने पट्टीचा मूळ गुणच जातो. काचेचा धागा साधारण ३ टक्के ताणावर तुटतो. २५ टक्के लांबू शकणाऱ्या कागदाला तो ३ टक्क्यांच्या पुढे जाऊच देत नाही. त्याउपर ओढले, तर धागे एकामागून एक तुटतात आणि हाती पुन्हा साधा क्रेप कागद उरतो. अ‍ॅरामिड हा अतिबळकट कृत्रिम तंतू वापरूनही फरक पडत नाही. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्यू पाँटमध्ये शोधलेल्या द्रवापासून विकसित झालेला केव्हलार हा अ‍ॅरामिड तंतू वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी बळकट आहे. पण त्याचाही तुटतानाचा ताण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपासच असतो. महाग धागा वापरून हा विरोध मिटत नाही. पट्टी जितकी लांबणार, तितकी जास्तीची लांबी धाग्याला आधीच देऊन ठेवावी लागते.

धागा बसवण्याच्या रीती

सर्वांत साधी रीत म्हणजे धागे रुंदीच्या दिशेने, चुण्यांना समांतर ठेवणे. लांबीच्या ताणाला ते अजिबात अडवत नाहीत आणि पट्टी उभी फाटत गेली तर चीर थांबवतात. मात्र कडेवरून सुरू होऊन आडवी पळणारी चीर त्यांच्या शेजारून बिनधोक निघून जाते. म्हणून केवळ आडवे धागे रुंद तावांना उपयोगी असतात, अरुंद पट्टीला त्यांचा लाभ कमी.

दुसरी रीत तिरक्या धाग्यांची. दोन दिशांनी तिरके जाणारे धागे एकमेकांना छेदून शंकरपाळ्यासारखी जाळी तयार करतात. जाळी ओढली की धाग्याची लांबी न बदलता चौकटी लांबट होतात. लांबीच्या अक्षाशी धाग्याचा कोन ४५ अंश असेल, तर जाळी जास्तीत जास्त ४१ टक्के लांबू शकते; कोन ६० अंश असेल तर १०० टक्के, आणि ३० अंश असेल तर केवळ १५ टक्के. मात्र जाळी लांबताना अरुंद होते. ४५ अंशांची जाळी २० टक्के ओढली की तिची रुंदी सुमारे २५ टक्क्यांनी घटते. ६० अंशांच्या जाळीची घट ८ टक्क्यांच्या आतच राहते. चुण्यांचा कागद स्वतः रुंदीत आक्रसत नाही. त्यामुळे कोन लहान असेल, तर कागदावर उभ्या मुरडी उठतात किंवा धागे चिकटवणातून सुटतात. ताणाच्या पट्टीत ६० अंश किंवा त्याहून मोठा कोन योग्य ठरतो. धागे घातलेल्या, पण चुण्या नसलेल्या सपाट गोंदपट्टीच्या जाळीचे कोन जसेच्या तसे इथे उचलून चालत नाही.

तिरक्या धाग्याची आणखी एक मर्यादा पट्टी कापताना उघडी पडते. रुंद रिळातून ५० मिलिमीटरची पट्टी कापली, की ४५ अंशांचा प्रत्येक धागा ७१ मिलिमीटरचा तुकडा होऊन दोन्ही कडांवर संपतो. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग गेलेला एकही धागा उरत नाही. मग ओढ एका तुकड्यातून दुसऱ्यात नेण्याचे काम चिकटवणाला आणि कागदाला करावे लागते. पट्टी जितकी अरुंद, तितका हा तोटा मोठा.

तिसरी रीत नागमोडी धाग्याची. धागा सरळ न ठेवता डावीउजवीकडे हलवत लहरींसारखा सोडतात, त्यामुळे तो पट्टीच्या कडांच्या आत सलग राहतो. लहरीच्या मध्यरेषेपासून शिखरापर्यंतचे अंतर तिच्या एकूण लांबीच्या दहाव्या भागाइतके असेल, तर धाग्यात सुमारे १० टक्के जास्तीची लांबी साठते. पट्टी तेवढी लांबेपर्यंत धागा गप्प असतो, नंतर सरळ होऊन एकदम ओढ घेतो. वेष्टन करणाऱ्याला हे वर्तन फार सोयीचे आहे. सुरुवातीला पट्टी वस्तूवर अलगद बसते, आणि पुरेशी ताणली गेली की हाताला किंवा यंत्राला घट्टपणा जाणवतो. पण लहर सरळ होताना धाग्याला कागदावरून बाजूला सरकावे लागते. चिकटवण फार कडक असेल तर तो सरकत नाही, लहरीच्या वळणांवर ताण साचतो आणि कागद तिथेच फाटतो.

ही अडचण चौथ्या रीतीत उद्भवत नाही. धागे आधी सपाट कागदावर किंवा दोन पदरांच्या मध्ये सरळ चिकटवतात आणि मग संपूर्ण दुपदरी कागदाला एकत्रच चुण्या पाडतात. प्रत्येक चुणीबरोबर धाग्याचीही घडी पडते. ओढल्यावर कागद आणि धागा बरोबरीने उलगडतात, कोणी कोणावरून सरकत नाही, रुंदीही घटत नाही. यांत्रिक दृष्टीने ही रीत सर्वांत निर्दोष आहे. मात्र घडी सोसणारा धागाच इथे चालतो. तंतूचा व्यास भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट, एवढा ताण वळणाच्या बाहेरच्या अंगाला पडतो. काचेचा १० मायक्रोमीटरचा तंतू ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या घडीत वाकवला, तर हा ताण ५ टक्के होतो आणि तंतू पट्टी वापरात येण्याआधीच मोडतो. २० मायक्रोमीटरच्या पॉलिएस्टर तंतूवर त्याच घडीत १० टक्के ताण येतो, तरी तो सहसा टिकतो, कारण उच्च बळाचे पॉलिएस्टर १० ते १५ टक्के लांबू शकते. नायलॉन आणि रेयॉन हेही अशी घडी सोसतात.

धाग्याची निवड करताना ही बाब नजरेआड होता कामा नये. चुण्या पूर्ण उलगडल्यावर सपाट झालेला कागद आणखी २-३ टक्के ताणावर तुटतो. काचही जवळपास तिथेच तुटते, म्हणून दोघांचे पूर्ण बळ एकाच वेळी वापरात येते. पॉलिएस्टर त्या क्षणी आपल्या बळाचा थोडाच भाग वाहत असते, पण कागद तुटल्यावरही ते पट्टीला धरून ठेवते. अचानक धक्के बसणाऱ्या वाहतुकीसाठी हा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. काच नागमोडी किंवा आडव्या बैठकीत, आणि पॉलिएस्टर, नायलॉन किंवा रेयॉन घडीच्या बैठकीत, अशी विभागणी त्यामुळे तर्काला धरून ठरते.

चिकटवण

पूर्वी दोन पदरांच्या मध्ये डांबर घालत. ते पाणी अडवते, धाग्याला धरते आणि मऊ असल्याने त्याला सरकूही देते. सिसाल या वनस्पतीचे धागे डांबरात बसवून दोन क्राफ्ट तावांच्या मध्ये धरलेला जलरोधक कागद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधकामात आणि वेष्टनात खूप चालला. उन्हात डांबर पातळ होऊन कागदातून झिरपते आणि झाकलेल्या धातूवर डाग पाडते, हा त्याचा मोठा दोष. पुढे वितळवून लावलेले पॉलिएथिलीन, मऊ पॉलिप्रोपिलीनवर आधारित गरम चिकटवण आणि रबरी लॅटेक्स यांनी त्याची जागा घेतली. चिकटवण कोणतेही असो, चुणीच्या खळग्यात शिरून घट्ट झाले तर चुणी उलगडतच नाही. म्हणून चुण्या आधी पाडल्या असल्यास थर पातळ ठेवतात.

ओल्या कागदाचे बळ झपाट्याने घटते. त्यासाठी लगद्यातच ओलावा सोसणारी रेझिने मिसळतात. आरंभी यूरिया आणि मेलॅमाइन यांची फॉर्माल्डिहाइडबरोबरची रेझिने होती, नंतर पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन आले. पोलादासाठीच्या पट्टीत गंजरोधक बाष्पशील रसायनांचा लेपही देतात. तो धातूच्या बाजूला यावा लागतो, म्हणून पट्टीची उलटसुलट बाजू ओळखता येईल अशी खूण ठेवणे आवश्यक आहे.

वापर

क्रेप कागदाला औद्योगिक पट्टीचे रूप देणारा प्रसिद्ध टप्पा म्हणजे रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये थ्रीएम कंपनीत तयार केलेली मास्किंग टेप. गाड्यांवर दोन रंगांतील रेषा साफ यावी एवढेच तिचे काम असल्याने तिला धाग्याची गरज नव्हती. जड वस्तूंच्या वेष्टनात ती गरज ठळकपणे दिसते.

पोलादी पत्र्याच्या गुंडाळीचा आतला व्यास बहुधा ५०८ किंवा ६१० मिलिमीटर असतो. वेष्टनयंत्रात पट्टीचे रीळ गुंडाळीच्या पोकळीतून आतबाहेर फिरते आणि गुंडाळी सावकाश स्वतःभोवती वळते. आतला व्यास ५०८ आणि बाहेरचा १,५२४ मिलिमीटर धरला, तर बाहेरचा परीघ आतल्याच्या तिप्पट होतो. १०० मिलिमीटर रुंदीची पट्टी बाहेर १० मिलिमीटर एकमेकींवर चढवायची, तर दर वेढ्याला ती बाहेर ९० आणि आत केवळ ३० मिलिमीटर पुढे सरकते. बाहेर जवळपास एकच थर आणि आत तीनहून अधिक थर साचतात. प्रत्यक्ष धक्के मात्र बाहेरच्या अंगाला आणि कोपऱ्यांवर बसतात. सगळीकडे जाड कागद वापरल्यास आतल्या बाजूचा माल वाया जातो. पातळ कागदात धागे घालणे इथे खरोखर किफायतशीर ठरते, कारण एका थराला जे बळ हवे ते जाडी न वाढवता मिळते.

पट्टीची परीक्षा कागदाच्या नेहमीच्याच पद्धतींनी होते. नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून ताणबल, तुटतानाची लांबी आणि तुटेपर्यंत शोषलेली ऊर्जा मोजतात. फाटण्याचा प्रतिरोध एल्मेन्डॉर्फ उपकरणावर घेतात. धाग्याच्या पट्टीला हे आकडे जपून लावले पाहिजेत. १५ मिलिमीटर रुंदीच्या नमुन्यात दोन धागे आले की तीन, यावरून निकाल बदलतो, आणि तिरके धागे एवढ्या अरुंद नमुन्यात जवळजवळ निरुपयोगी ठरतात. पूर्ण रुंदीची पट्टी ओढून पाहणे, आणि मुद्दाम कडेला चीर देऊन तीच चाचणी पुन्हा घेणे, हे अधिक बोलके आहे. बिनचिरेच्या आणि चिरेच्या बळातील फरक जितका कमी, तितके धागे आपले काम नीट करत आहेत.

ताणले जाणारे पॉलिएथिलीनचे पातळ आवरण आणि विणलेल्या प्लास्टिक कापडाचा पदर जोडलेला क्रेप कागद यांनी या पट्टीचा बराच वापर आपल्याकडे ओढला आहे. प्लास्टिकचे आवरण स्वस्त आणि जलरोधक असले, तरी त्यातून बाष्प फारसे जात नाही. थंड धातू उबदार दमट हवेत गुंडाळला, तर आत अडकलेले पाणी त्यावरच साचते. कागद ते काही प्रमाणात शोषून घेतो.

वापरलेल्या पट्टीचा पुन्हा लगदा करणे अवघड जाते. डांबराचे ठिपके नव्या कागदात उतरतात, काचेचे तुकडे यंत्रे झिजवतात आणि पॉलिएस्टरचे लांब धागे लगदायंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळले जातात. ताग, रेयॉन किंवा पिळलेल्या कागदाचे सूत पाण्यात सुटणाऱ्या चिकटवणाने बसवले तर ही अडचण बरीच कमी होते. पण पाण्यात सुटणारे चिकटवण ओल सोसत नाही, म्हणून अशी पट्टी कोरड्या साठवणीपुरतीच वापरता येते.