नॉर्वे बसून खात नाही

‘तेल सापडलं, सरकारने सगळं ताब्यात घेतलं, आता जनता बसून खाते’ असं नॉर्वेबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. तिथली अर्थव्यवस्था मुख्यतः बाजारपेठेवर चालते. देशभर लागू असं कायद्याचं किमान वेतनसुद्धा नाही. पगार कामगार संघटना आणि मालक वाटाघाटीत ठरवतात. डॉक्टरकडे गेलं, तर वर्षाची मर्यादा गाठेपर्यंत मोठ्यांना खिशातून पैसे भरावे लागतात.

1969 मध्ये एकोफिस्क तेलक्षेत्र सापडलं. समुद्रात खासगी आणि परदेशी कंपन्याही तेल काढतात, पण त्या नफ्यावर 78 टक्के कर भरतात. इक्विनॉर या तिथल्या मोठ्या तेल कंपनीत सरकारचा वाटा 67 टक्के, बाकीचे शेअर इतरांचे. खरं शहाणपण पुढे आहे. सरकारला मिळणारा तेलाचा पैसा 1990 मध्ये कायद्याने उभारलेल्या निधीत जातो, देशाबाहेर गुंतवला जातो आणि त्यातून वर्षाला साधारण 3 टक्केच उचलायचे, असा दंडक आहे. एवढा संयम पाळणाऱ्यांना आयतोबा म्हणणं अन्यायाचं आहे.

मासेमारी तर तेलाच्या कितीतरी आधीची. पुढे 1970 मध्ये नॉर्वेच्या हित्रा बेटावर दोन भावांनी समुद्रात जाळीचे पिंजरे सोडून सॅमन मासा वाढवायला घेतला. आज पिंजऱ्यातल्या सॅमनच्या उत्पादनात नॉर्वे जगात पहिला आहे, आणि हा धंदा मुख्यतः खासगी कंपन्याच चालवतात.