बोटावरचा आकडा येतो कुठून? पल्स ऑक्सिमीटरची पार्श्वभूमी

पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन थेट मोजत नाही. तो बोटातून दोन प्रकारचा प्रकाश आरपार सोडतो, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो किती कमीजास्त होतो ते टिपतो, दोन्ही चढउतारांचं गुणोत्तर काढतो आणि ते आत साठवलेल्या एका कोष्टकात शोधतो. त्या गुणोत्तरासमोर 97 असेल तर पडद्यावर 97 उमटतं, म्हणजे रक्तातल्या 97 टक्के हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घेतलेला आहे. हे कोष्टक तयार करताना निरोगी स्वयंसेवकांना टप्प्याटप्प्याने कमी ऑक्सिजनची हवा दिली जाते आणि त्याच वेळी त्यांच्या धमनीतलं रक्त काढून प्रयोगशाळेत तपासलं जातं. सुरक्षिततेसाठी हा प्रयोग साधारण 70 टक्क्यांवर थांबवतात. त्याखालचे आकडे म्हणजे यंत्राने पुढे ताणलेला अंदाज असतो.

घरातली क्लिप असो, मनगटावरचं घड्याळ असो की मोबाइलमधला आलेख, आकडा किती खरा हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. एक, ठोका किती स्वच्छ मिळाला. दोन, कोष्टक कुणाच्या रक्तावरून बनलं. या दोन्ही गोष्टी या यंत्रात कशा आल्या हे कळलं, की ते कधी चुकतं तेही कळतं.

ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक दिसतं आणि सोडलेलं काळपट. हा फरक प्रकाशाच्या वर्णपटात नेमका कुठे पडतो, हे जर्मनीत होप्पे-झायलर आणि इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी 1864 मध्ये दाखवलं. कार्ल माथेस यांनी 1935 मध्ये कानाच्या पाळीतून दोन रंगांचा प्रकाश पाठवून जिवंत माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन बघण्याचं साधन केलं. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणारे वैमानिक बेशुद्ध पडू लागले तेव्हा ग्लेन मिलिकन यांनी त्यांच्यासाठी कानाला लावायचं हलकं यंत्र बनवलं. अडचण सगळ्यांची एकच होती. कानातून जाणारा प्रकाश एकटं धमनीतलं रक्तच शोषतं असं नाही. कातडी, मांस आणि शिरांमधलं रक्तही शोषतं, आणि धमनीचा वाटा किती हे वेगळं काढता येत नव्हतं. मेयो क्लिनिकच्या अर्ल वुड यांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी कान दाबून तो रक्तहीन करायचा, तिथे शून्य धरायचं आणि मग दाब सोडायचा, अशी पद्धत काढली. ह्यूलेट-पॅकार्डने 1976 मध्ये आणलेलं यंत्र आठ तरंगलांब्या, म्हणजे प्रकाशाचे आठ वेगवेगळे रंग, वापरायचं आणि कान गरम करून त्यातलं रक्त वाढवायचं. फुप्फुसांच्या आणि झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये ते चाललं, पण त्याचा कानावरचा अवजड भाग ऑपरेशनच्या टेबलावर कसा वापरणार?

यातून मार्ग निघाला तो तोक्योच्या निहोन कोडेन कंपनीत, तोही वेगळ्याच कामातून. 1972 मध्ये ताकुओ आओयागी हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजण्याचं साधन सुधारत होते. या पद्धतीत शिरेतून रंगद्रव्य सोडतात. ते कानापर्यंत पोहोचलं की प्रकाश कमी होतो, पुढे ते विरत जातं, आणि या चढउताराच्या वक्राखालच्या क्षेत्रफळावरून हिशेब मांडतात. पण त्या वक्रावर नाडीचे बारीक काटे उमटायचे आणि वक्राचं शेपूट नीट काढता यायचं नाही. काटे पुसायला आओयागींनी दुसरी तरंगलांबी जोडली. एक अशी, जिथे रंगद्रव्य प्रकाश शोषतं. दुसरी अशी, जिथे ते जवळपास शोषत नाही. दोन्हींवर काटे असतातच, म्हणून एकाला दुसऱ्याने भागायचं की काटे जातील.

काटे गेले. पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की ते परत डोकं वर काढायचे. या बिघाडाकडे आओयागींनी उलट बाजूने पाहिलं. काटे ऑक्सिजनमुळे परत येत असतील, तर त्या काट्यांच्या गुणोत्तरातच ऑक्सिजनचं प्रमाण आहे. शिवाय ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त. कातडी, मांस, शिरा जागच्या जागी राहतात. हलणारा भाग तेवढा उचलला की बाकी सगळं आपोआप वजा होतं. कान दाबायला नको, आठ तरंगलांब्या नकोत. आजच्या प्रत्येक ऑक्सिमीटरचा गाभा हाच आहे, आणि वैद्यकातल्या उपकरणांमध्ये इतकी नेटकी युक्ती क्वचितच सापडते.

मार्च 1974 मध्ये पेटंटचा अर्ज झाला, एप्रिलमध्ये ओसाकाच्या परिषदेत निबंध वाचला गेला. त्याच महिन्यात मिनोल्टा कंपनीनेही जवळपास त्याच कल्पनेचा अर्ज केला. निहोन कोडेनचं 1975 चं यंत्र कानाला लावायचं होतं, ते फारसं खपलं नाही आणि कंपनीत ते काम काही वर्षं बाजूला पडलं. मिनोल्टाने 1977 मध्ये बोटाला लावायचं यंत्र काढलं. त्यात प्रकाश ऑप्टिकल फायबरच्या केबलमधून बोटापर्यंत आणायचे.

खरा प्रसार अमेरिकेत झाला. दिवा आणि फायबर जाऊन त्याजागी एलईडी आल्या, कोष्टक मायक्रोप्रोसेसरमध्ये बसलं. 1980 नंतर कोलोरॅडोतली बायॉक्स आणि मग कॅलिफोर्नियातली नेलकॉर या कंपन्यांनी ही यंत्रं थेट भूलतज्ज्ञांना विकायला घेतली. नेलकॉरच्या यंत्रात प्रत्येक ठोक्याला 'बीप' व्हायचा आणि ऑक्सिजन उतरला की त्याचा सूर खाली यायचा. पडद्याकडे न बघताही कानाने कळायचं. भूलतज्ज्ञांना याची निकड होतीच, कारण ओठ-नखं निळी पडण्याची वाट पाहणं धोक्याचं असतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन बारीक रक्तवाहिन्यांत डेसिलिटरमागे सुमारे 5 ग्रॅम झालं तरच निळसर छटा दिसते. ज्याचं एकूण हिमोग्लोबिनच 8 आहे, त्याच्या बाबतीत निळेपणा दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. आपल्याकडे रक्तक्षय किती पसरलेला आहे हे लक्षात घेतलं तर या एका मुद्द्यावरच ऑक्सिमीटरची किंमत कळते. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1986 मध्ये देखरेखीची मानकं ठरवली आणि 1990 पासून भूल देताना ऑक्सिमीटर लावणं त्यांत बंधनकारक झालं.

गरीब देशांतल्या हजारो शस्त्रक्रियागृहांत मात्र ते पोहोचलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-यादी काढली, तिच्यात ऑक्सिमीटर चालू आहे का हा प्रश्न ठेवला. या कामाचं नेतृत्व करणारे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. स्वस्त आणि दणकट ऑक्सिमीटर अशा रुग्णालयांना पुरवण्यासाठी 2011 मध्ये 'लाइफबॉक्स' ही संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेतही गावंडे होते.

क्लिपच्या आत

आजच्या क्लिपमध्ये एका जबड्यात दोन एलईडी असतात. एक लाल, 660 नॅनोमीटर तरंगलांबीची. दुसरी अवरक्त, 940 ची. समोर एकच प्रकाशग्राहक. एलईडी आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा लागतात, आणि मध्ये दोन्ही बंद असताना ग्राहक खोलीतला उजेड मोजून वजा करतो. ठोक्यामुळे हलणारा भाग एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. सगळं गणित या एवढ्याशा थरथरीवर चालतं, म्हणूनच यंत्र इतकं सहज फसतं.

कसं फसतं, याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. हात हलत असेल तर लाल आणि अवरक्त दोन्ही प्रकाश सारखेच हलतात. गुणोत्तर 1 येतं, आणि कोष्टकात 1 समोर साधारण 85 असतं. म्हणून हातपाय गार पडलेल्या किंवा थरथरणाऱ्या माणसाचा आकडा 85 च्या आसपास घुटमळत असेल तर आधी ठोका तपासावा. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, वाढवणाऱ्या विषबाधेतही आकडा 85 कडेच ओढला जातो, तेव्हा रुग्णाची अवस्था पाहूनच अर्थ लावायचा.

उलट दिशेची चूक जास्त घातक. कार्बन मोनॉक्साइडला चिकटलेलं हिमोग्लोबिन 660 च्या लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे गुदमरलेल्या माणसाच्या बोटावर 98 दिसू शकतं आणि त्याच्या पेशी उपाशी असतात. अशा वेळी आकड्यावर विसंबायचं नाही. माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, रुग्णालयात न्यायचं, आणि तिथे धमनीच्या रक्ताची को-ऑक्सिमेट्री, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, होते का ते विचारायचं.

घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसावं. हात गार असतील तर चोळून गरम करावेत. नेलपॉलिश पुसावं, मेंदीचा गडद, काळपट थर असेल तर दुसरं बोट घ्यावं. तर्जनी किंवा मधलं बोट क्लिपमध्ये टोकापर्यंत घालून नखाची बाजू वर ठेवावी, आणि हात छातीच्या पातळीवर टेकवावा. त्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा फुगत असेल तर थांबावं. पहिला आकडा सोडून द्यावा. 30 ते 60 सेकंदांत पडद्यावरची पट्टी किंवा लाट एकसारखी वरखाली होऊ लागली की वाचावं. मग मनगटाची नाडी हाताने मोजावी. यंत्रावरची नाडी आणि हाताची नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही मानू नये, कारण यंत्राला ठोकाच सापडलेला नाही. सेल उतरले असले तरी वाचन चंचल होतं.

90 या आकड्याला वजन आहे त्याचं कारण हिमोग्लोबिनच्या वक्रात, म्हणजे ऑक्सिजनचा दाब आणि ही टक्केवारी यांच्या आलेखात, आहे. 90 ला धमनीतला ऑक्सिजनचा दाब सुमारे 60 मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. त्याच्या वर दाब बराच घसरला तरी टक्केवारी थोडीच हलते, त्याच्या खाली दाब जरा घसरला की टक्केवारी कोसळते. 98 चं 94 होणं म्हणूनच दिसतं त्यापेक्षा मोठं असतं.

करोनाच्या साथीत हेच घडलं. दम लागल्याचं न जाणवता लोकांचा ऑक्सिजन उतरत होता. 15 सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत महाराष्ट्रभर पथकं थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेली. दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघायचा, घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं, परत बघायचं. 93 च्या खाली गेला किंवा 3 टक्क्यांहून जास्त उतरला तर डॉक्टर गाठायचे. साठीपुढच्यांना तीन मिनिटं पुरे. बसलेल्या माणसात लपलेली घसरण चालल्यावर उघडी पडते, म्हणून ही साधी चाचणी मोलाची ठरली. याच काळात मोबाइलच्या कॅमेऱ्याने ऑक्सिजन मोजण्याचा दावा करणारी बनावट ॲप पसरली आणि सायबर पोलिसांनी त्यांच्याबद्दल इशारे दिले. फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात 940 ची अवरक्त किरणं नसतातच. किमती चढल्यावर केंद्राने जुलै 2021 मध्ये ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवर, वितरकाच्या पातळीवरील किमतीच्या 70 टक्के अशी नफ्याची मर्यादा घातली. आओयागी मात्र 18 एप्रिल 2020 रोजी, साथीच्या सुरुवातीलाच गेले.

मनगटावर

बोटाच्या टोकातून प्रकाश आरपार जातो, मनगटातून जात नाही. म्हणून घड्याळात एलईडी आणि ग्राहक एकाच बाजूला असतात आणि परत फिरलेला प्रकाश मोजतात. मनगटाच्या वरच्या कातडीत बारीक रक्तवाहिन्या कमी, मध्ये हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्या, त्यात पट्टा सैल. आधीच एक-दोन टक्के असलेला ठोका इथे आणखी पातळ होतो. घड्याळं बहुधा रात्री, हात स्थिर असताना वाचन घेतात आणि खराब वाचनं गाळतात, ते यामुळेच. पट्टा हाडाच्या उंचवट्यापासून बोटभर वर सरकवून नीट आवळला की फरक पडतो. कुशीवर झोपून हात दबला तर मात्र खोटी घसरण दिसते.

गार्मिनने 2018 मध्ये आणि ॲपलने सप्टेंबर 2020 मध्ये ही सोय घड्याळात आणली, तीही वैद्यकीय निदानासाठी नाही अशी टीप देऊन. बोटाच्या प्रमाणित यंत्रांना जी अचूकतेची चाचणी द्यावी लागते, ती 'वेलनेस' गटातल्या घड्याळाला लागत नाही. मासिमो कंपनीशी पेटंटचा वाद झाल्याने जानेवारी 2024 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ॲपल घड्याळांतून ही सोय काढावी लागली. ऑगस्ट 2025 मध्ये ती परत आली ती गणित घड्याळाऐवजी आयफोनमध्ये करून. ब्लूटूथने मोबाइलला आकडा पाठवणाऱ्या क्लिपांसाठी ठरलेली सामाईक पद्धत आहे, पण स्वस्त यंत्रं बऱ्याचदा स्वतःचीच भाषा बोलतात आणि त्यांच्या ॲपबाहेर नोंद जात नाही. घेण्याआधी हे विचारून घ्यावं, आणि डॉक्टरांना दाखवायचा आलेख असेल तर वेळेसकट नोंद बाहेर काढता येते का हेही.

कोष्टकाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरची वाचनं धमनीच्या रक्ताशी ताडून पाहिली. यंत्र 92 ते 96 दाखवत असताना प्रत्यक्षात 88 च्या खाली असलेली वाचनं गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के निघाली आणि कृष्णवर्णीयांमध्ये 11.7 टक्के. अमेरिकी नियामकाच्या 2013 च्या नियमानुसार कोष्टक तपासायला किमान दहा स्वयंसेवक पुरत, आणि त्यांत गडद वर्णाचे दोन किंवा 15 टक्के, जे जास्त असेल तेवढे, असले की झालं. जानेवारी 2025 च्या मसुद्यात हा आकडा दीडशेवर नेण्याची आणि कातडीचा वर्ण ठरलेल्या मापाने नोंदण्याची सूचना आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या माहितीपत्रकात अचूकता 'अधिक-उणे 2 टक्के' अशी छापलेली असते, पण ती कुठल्या वर्णाच्या किती माणसांवर तपासली हे बहुतेक वेळा नसतं. सावळ्या माणसाने एकट्या आकड्यापेक्षा स्वतःच्या नेहमीच्या आकड्यातला उतार पाहावा. बरं असताना आठवडाभर रोज त्याच बोटावर, त्याच वेळी मोजून आपली पातळी लिहून ठेवली, तर आजारपणात ताडायला काहीतरी हाताशी राहतं.