ब्लू-रेचं कुलूप कसं आलं, कसं निघालं

कोथरूडला आमच्या ओळखीचे एक काका राहतात. त्यांच्याकडे लोखंडी कपाटाचे वरचे तीन खण डीव्हीडींनी भरलेले आहेत, खाली पंधरा-वीस ब्लू-रे. मराठी नाटकांची चित्रीकरणं, जुने कृष्णधवल सिनेमे, अमेरिकेतल्या मुलाने येताना आणलेल्या इंग्रजी डिस्क. मागच्या पावसाळ्यात त्यांनी बोलावून घेतलं तेव्हा काही डिस्कच्या कडेने पांढुरके ठिपके चढायला लागले होते. "हे सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवून दे बाबा," म्हणाले. पहिली डीव्हीडी मी साधी कॉपी-पेस्ट केली. फाइल आली, आकारही बरोबर होता, पण लावली तर पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आणि नुसती खरखर. डिस्क रीतसर विकत घेतलेली, वेष्टनात पावतीसुद्धा ठेवलेली. हे चौकोन कुठून आले ते समजायला थेट १९९६पर्यंत मागे जावं लागतं.

व्हीसीडीला कुलूप नव्हतंच. डीव्हीडी १९९६च्या अखेरीस जपानात आली ती मात्र सीएसएस नावाचं कुलूप लावून, म्हणजे आतला मजकूर सांकेतिक करून. त्याची किल्ली अवघ्या ४० बिटांची. अमेरिकेतून सांकेतिकीकरणाचं तंत्र बाहेर न्यायला तेव्हा निर्बंध होते आणि ४० बिटांपुढच्या लांबीला सहजी परवानगी मिळत नसे. जोडीला रीजन कोड, म्हणजे जगाचे पाडलेले विभाग. भारत पाचव्या रीजनमध्ये, अमेरिका पहिल्या. मुलाने तिकडून आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर लागायची नाही, याचा अनुभव पुण्यातल्या कितीतरी घरांनी घेतला आहे. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलता यायचा, पण पाचदाच. त्यानंतर तो कायमचा तिथेच अडकायचा.

लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, कारण परवाना घेतलेला प्लेअर त्यांच्यासाठी कोणी बनवलाच नव्हता. ऑक्टोबर १९९९मध्ये सीएसएसचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा छोटा प्रोग्रॅम बाहेर आला. तो आणणाऱ्यांत नॉर्वेचा योन लेक योहान्सन होता, वय १५. एका कंपनीच्या सॉफ्टवेअर प्लेअरमध्ये किल्ली नीट झाकलेली नव्हती, तिथून वाट सापडली. अमेरिकेत अशी कुलपं तोडायला मनाई करणारा १९९८चा डीएमसीए कायदा होता. त्याच्या आधारे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०००मध्ये हा प्रोग्रॅम पसरवायला मनाई केली. नॉर्वेत मात्र योहान्सन २००३मध्ये खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही न्यायालयांतून निर्दोष सुटला. विकत घेतलेल्या डिस्कपर्यंत पोचणं ही घुसखोरी ठरत नाही, असं तिथल्या न्यायालयाला वाटलं. या दोन निकालांमधलं अंतर आजही मिटलेलं नाही.

हाय-डेफिनिशनच्या वेळी कंपन्या तयारीने उतरल्या. २००६मध्ये आधी तोशिबाची एचडी डीव्हीडी आली आणि पाठोपाठ ब्लू-रे. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५०. दोन्हींवर एकच नवं कुलूप, एएसीएस. डिस्ने, वॉर्नर, सोनी, तोशिबा, पॅनासॉनिक, इंटेल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी मिळून ते घडवलं होतं. किल्ली १२८ बिटांची. असा आकडा अंदाजाने शोधायचा तर जगातले सगळे संगणक जुंपूनही आयुष्य पुरणार नाही.

खरी मेख वेगळीच होती. एक मोठा वाडा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक भाडेकरूकडे स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा. एकाच्या किल्ल्या चोराच्या हाती लागल्या, तर मालक यापुढे बांधील त्या वाड्यांची कुलपं अशी बसवतो की तेवढा जुडगा तिथे चालणार नाही, बाकीच्यांना मात्र फरक पडणार नाही. प्रत्येक प्लेअर म्हणजे एक भाडेकरू, आणि प्रत्येक डिस्कवर कोणाला आत घ्यायचं याची यादी. फुटलेला प्लेअर पुढच्या डिस्कवरून बाद. जुने वाडे मात्र त्या चोराला उघडेच राहतात.

डिसेंबर २००६मध्ये मस्लिक्स६४ या टोपणनावाच्या माणसाने एचडी डीव्हीडीचं कुलूप उघडणारं बॅकअपएचडीडीव्हीडी नावाचं सॉफ्टवेअर जाहीर केलं. त्याची तक्रार मला फार जवळची वाटते. त्याने डिस्क विकत घेतली, ड्राइव्ह घेतला आणि सिनेमा लागेना, कारण त्याच्या मॉनिटरला एचडीसीपी, म्हणजे कुलूपबंद चित्र दाखवायची मान्यता, नव्हती. साधारण २०१० साली माझ्याही घरी हेच झालं होतं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून ड्राइव्ह आणला, जुन्या मॉनिटरला जोडला, डिस्क घातली आणि समोर काळा पडदा. आवाज नाही, चित्र नाही, फक्त पडदा मान्य नसल्याची एक ओळ. ड्राइव्ह परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

मस्लिक्स६४ने गणिताला हातच लावला नाही. सिनेमा दाखवायचा तर प्लेअरला कधीतरी किल्ली संगणकाच्या मेमरीत ठेवावीच लागते. तिथून त्याने ती उचलली. डिस्क उलगडायची पद्धत एएसीएसवाल्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली होती, आणि त्याचं सॉफ्टवेअर त्या पद्धतीबरहुकूम चालायचं. किल्ल्या त्यात दिलेल्या नव्हत्याच. पाठोपाठ ब्लू-रेसाठी तसंच सॉफ्टवेअर आलं. फेब्रुवारी २००७मध्ये आर्नेझामी या दुसऱ्या टोपणनावाने एक पायरी वरची किल्ली शोधली. एका सिनेमापुरती असण्याऐवजी तोवरच्या सगळ्याच डिस्कना ती लागू पडत होती. ०९ एफ९ने सुरू होणारा सोळा बाइटांचा तो आकडा काढून टाका, अशा नोटिसा त्या वसंतात एएसीएसवाल्यांकडून वेबसाइटांना गेल्या. आकडा दाबण्याचा प्रयत्न झाला आणि तो टी-शर्टांवर, गाण्यांत, चित्रांत उमटला. किल्ली गळालेला प्लेअर बाद झाला, लोकांना अपडेट घ्यावे लागले. नव्या यादीच्या डिस्क मे महिन्यात दुकानांत पोचायच्या आतच अँटिग्वातल्या स्लायसॉफ्ट कंपनीचं एनीडीव्हीडी एचडी हे सॉफ्टवेअर त्या उघडू लागलं होतं.

ब्लू-रेकडे बीडी प्लस नावाचं आणखी एक कुलूप होतं. डिस्कवरच एक छोटा प्रोग्रॅम असायचा. तो प्लेअरच्या आत चालून प्लेअर खरा आहे का हे तपासायचा आणि मुद्दाम बिघडवलेलं चित्र दुरुस्त करून द्यायचा. त्याच्या पहिल्या डिस्क २००७च्या शरदात आल्या, आणि मार्च २००८मध्ये स्लायसॉफ्टने तेही उघडलं. एचडी डीव्हीडी त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीतच मैदान सोडून गेली होती.

या सगळ्या काळात पायरसी कुलपांनी थांबवली, असं मला पुण्यात कधी दिसलं नाही. बनावट डिस्क रस्त्यावर मिळतच होत्या. थोडाफार फरक पडला तो २००७मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा. घरातल्या माणसांना मी स्वतः चोरीची डिस्क ठेवून खरी उचलताना पाहिलं आहे. अडकायचा तो पावती घेतलेला माणूस. फोर-के डिस्कच्या बाबतीत हे आणखी पुढे गेलं. संगणकावर ती पाहायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही मेमरीचा भाग झाकून ठेवायची सोय अनिवार्य केली, आणि पुढच्या पिढ्यांच्या घरगुती प्रोसेसरांतून इंटेलने तीच काढून टाकली. म्हणजे संगणक नवा घेतला की कपाटातली जुनी डिस्क बंद.

आपल्याकडचा कायदा २०१२च्या दुरुस्तीने आला. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ म्हणतं की हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतू' हा शब्द तिथे आहे, अमेरिकेच्या कायद्यात तसा नाही. खासगी वापरासाठीच्या वाजवी वापराची तरतूद कलम ५२मध्ये आहे आणि त्याच दुरुस्तीने तिच्यात सिनेमाही आला. त्यामुळे स्वतःची डिस्क स्वतःसाठी उतरवणारा आणि डिस्क विकणारा हे दोघे कायद्याच्या नजरेत एक नाहीत, असं मी ते वाचतो.

पण त्याच कलमात एक गोष्ट खटकते. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत साठवता येते, मात्र त्याच्याकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. डीव्हीडी तर मुळातच डिजिटल. पुण्यात हा प्रश्न हवेतला नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि जानेवारी २००३मध्ये चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला लागलेली आग इथल्या सिनेमावाल्यांच्या आठवणीत पक्की आहे. सिनेमाचं निदान रीळ असतं, ते शोधता येतं. व्हिडिओवर चित्रित केलेल्या नाटकाचं रीळ कधी नव्हतंच. मूळ टेप पुसली गेली असेल तर काकांच्या कपाटातल्या त्या डिस्कखेरीज दुसरं काही उरत नाही.

ब्लू-रे ड्राइव्ह आता लॅपटॉपमध्ये येत नाहीत. काकांसाठी मी बाहेरून जोडायचा एक आणला, पुन्हा तपकीर गल्लीतूनच, चार दुकानं फिरून. दोन महिने रविवारी सकाळी बसून आम्ही एकेक डिस्क लावली. नाटकांच्या नऊ डिस्क वाचल्याच गेल्या नाहीत. त्यांची वेष्टनं काकांनी टाकली नाहीत, वेगळ्या खणात ठेवली आहेत. त्यातलं एखादं नाटक कोणाकडे निघालं तर मला कळवा म्हणून त्यांनी कागदावर नावं लिहून दिली आहेत.