ऑक्टोबरातली फेझंटची ट्रिप आणि तिच्यामागचा शेतीचा कायदा

मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना हे माहितीच असेल, ऑक्टोबरचा तिसरा शनिवार जवळ आला की ऑफिसातले दोन-चार जण अचानक सुट्टीवर जातात, पिकअपच्या मागे कुत्र्याचा पिंजरा, अंगात नारिंगी जाकीट, आणि सगळे पश्चिमेला साउथ डकोटाकडे, फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीला. तिथल्या छोट्या गावांत मोटेलच्या बाहेर "शिकाऱ्यांचं स्वागत" असे बोर्ड लागतात आणि खोली हवी असेल तर बुकिंग फार आधी करावं लागतं. मला आधी वाटायचं की यात प्लॅनिंग म्हणजे काय, लायसन काढा, बंदूक घ्या आणि निघा. पण या लोकांशी बोलायला लागलो तर कळलं की खरा मुरलेला शिकारी मार्चपासून काय बघत असतो तर बर्फ किती पडला, पाऊस कधी आला, आणि मुख्य म्हणजे कुठल्या शेतकऱ्याने कुठली जमीन गवताखाली ठेवलीय. हे असं का झालं त्याची ही पार्श्वभूमी.

सगळ्यात आधी एक गंमत. ज्या पक्ष्यासाठी हा एवढा कारभार चालतो तो तिथला नाहीच. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याच्या आणि मोराच्या कुळातलाच, नराच्या गळ्यात पांढरी कंठी, लांब शेपूट, डोळ्याभोवती लालभडक कातडी, आणि मूळ घर चीन. ओवेन डेनी नावाचे गृहस्थ शांघायला अमेरिकेचे कॉन्सुल जनरल होते (हेच पुढे कोरियाच्या राजाचे सल्लागार झाले), त्यांना तिकडचा फेझंट फार आवडला म्हणून त्यांनी 1881 मध्ये जहाजातून पक्षी घरी ओरेगॉनला पाठवले, त्यातले बहुतेक वाटेतच मेले. मग 1882 ला पुन्हा पाठवले ते जगले, विलामेट खोऱ्यात सोडले, आणि दहा वर्षं कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. 1892 ला पहिला सीझन उघडला तेव्हा पहिल्याच दिवशी पन्नास हजार पक्षी पडले असं सांगितलं जातं. आकडा थोडा फुगलेला असेलही, पण दहा वर्षं दम धरला तर काय होतं हे सगळ्या राज्यांना कळलं.

बाहेरचा पक्षी आणायची वेळ का आली ते पण बघा. गवताळ मैदानांवर आधी प्रेअरी चिकन आणि ग्राउस हे तिथलेच कोंबडीसारखे पक्षी भरपूर होते, आणि रेल्वे आल्यावर धंदेवाईक शिकारी ते मारून पिंपांत भरून शिकागोच्या बाजारात पाठवायचे. एकीकडे नांगर, एकीकडे बाजार. पॅसेंजर पिजन या तिथल्या रानकबुतराची शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 ला सिनसिनाटीच्या झूमध्ये मेली, आणि हीथ हेन म्हणून प्रेअरी चिकनचाच एक पूर्वेकडचा प्रकार होता त्यातला शेवटचा नर 1932 नंतर कोणाला दिसलाच नाही. आपल्याकडे माळढोकाचं जे झालंय त्याच वाटेवरची ही गोष्ट, फक्त शंभर वर्षं आधी घडलेली. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेलं जनावर-पक्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आली, आणि मग सीझन, रोजची मर्यादा, लायसन हे सगळं हळूहळू घट्ट झालं. म्हणजे आज ट्रिपच्या कागदपत्रांत जे जे भरावं लागतं ते सगळं कुणीतरी आधी सगळं खाऊन संपवलं म्हणून आलंय.

साउथ डकोटात खरी सुरुवात 1908-09 च्या आसपास, रेडफील्ड गावाजवळ, स्पिंक काउंटीत. शेतकरी आणि गावातले व्यापारी यांनी स्वतःच्या खर्चाने पक्षी आणून सोडले, नंतर सरकारनेही सोडले. 30 ऑक्टोबर 1919 ला पहिला सीझन झाला, तो फक्त त्या एका काउंटीत आणि फक्त एक दिवस! साधारण दोनशे पक्षी पडले. तिथून पंचवीस-सव्वीस वर्षांत राज्यात एक कोटी साठ लाख फेझंट झाले, जेव्हा माणसं जेमतेम सहा-साडेसहा लाख होती.

आता हे कसं झालं, तर शिकारी फार शहाणे होते म्हणून अजिबात नाही. तीसच्या दशकात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, शेतकरी कर्जात बुडाले, जमिनी सोडून निघून गेले, आणि त्या पडीक जमिनीवर तण माजलं. मग दुसरं महायुद्ध, पोरं सैन्यात, शेतावर माणूस नाही, बांध-कोपरे कोण साफ करणार. फेझंटला हेच तर हवं असतं. मादी जमिनीवरच घरटं करते, दहा-बारा अंडी, तेवीस-चोवीस दिवस उबवायचं, आणि त्या काळात ते गवत कोणी कापायला नको. लसूणघासाच्या शेतात घरटं केलं आणि जूनमध्ये कापणीचं मशीन आलं की मादी उठत नाही, बसून राहते आणि तिथेच मरते. पिल्लांना किडे लागतात, हिवाळ्यात बर्फापासून आडोसा म्हणून पाणकणसाची दलदल लागते. वरून पक्ष्याचं आयुष्य मुळात छोटं, निम्म्याहून जास्त पक्षी वर्षभरातच जातात, त्यामुळे दोन उन्हाळे घरटी बसली नाहीत की रान रिकामं.

युद्धाच्या काळातली एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. अ‍ॅबरडीन स्टेशनवर (साउथ डकोटातलंच गाव) सैनिकांच्या गाड्या थांबायच्या, तिथे गावातल्या बायका फेझंटच्या मांसाचं सँडविच फुकट वाटायच्या, पक्षी आसपासच्या लोकांनी दिलेले, आणि 1946 पर्यंत पाच लाखांहून जास्त सैनिकांनी ते खाल्लं. त्यातले किती जण युद्ध संपल्यावर बंदूक घेऊन परत आले असतील! 1945 मध्ये राज्यात पंचाहत्तर लाखांच्या आसपास फेझंट मारले गेले, त्या काळात काही वर्षं माद्या मारायलाही परवानगी होती. आता फक्त नर, रोज तीन. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो म्हणून नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या पिल्लांवर फरक पडत नाही, त्यामुळे पक्षी उडाल्यावर क्षणभरात नर की मादी ओळखायचं हे इथलं पहिलं कौशल्य, नेम नंतर.

युद्धानंतर माणसं परत आली, ट्रॅक्टर आले, फवारण्या आल्या आणि पक्षी घसरले. 1956 ला सॉइल बँक नावाची योजना आली, धान्य इतकं पिकत होतं की भाव पडायचे, म्हणून सरकार शेतकऱ्याला पैसे देऊन जमीन पडीक ठेवायला सांगायचं. पक्ष्यांचा त्यात कोणी विचारही केला नव्हता, पण साठच्या सुरुवातीला फेझंट परत कोटीच्या घरात. करार संपले, जमीन नांगराखाली गेली, मध्ये जबरदस्त हिमवादळं झाली, आणि सत्तरच्या दशकात परत खडखडाट. मिनेसोटात 1982 ला फेझंट्स फॉरएव्हर ही संस्था निघाली ती याच निराशेतून. शिकाऱ्यांचीच संस्था, पण पक्षी पाळून सोडण्यापेक्षा गवत लावा आणि शेतीच्या कायद्याकडे लक्ष ठेवा हा तिचा भर, आणि माझ्या मते हाच त्यांचा शहाणपणा.

कारण 1985 च्या शेती कायद्यात सीआरपी (कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम) ही योजना आली. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षं गवताखाली ठेवा, सरकार दरवर्षी भाडं देईल. 2007 मध्ये देशभर 3 कोटी 68 लाख एकर यात होते, आणि त्याच वर्षी साउथ डकोटात फेझंटचा अंदाज 1 कोटी 19 लाख, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा. मग इथेनॉलमुळे मक्याचे भाव चढले, भाड्यापेक्षा मका परवडायला लागला, करार संपले तसे शेतकरी बाहेर पडले, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) पण योजनेतल्या जमिनीची मर्यादा खाली आणली, 2014 च्या कायद्यात 2 कोटी 40 लाख एकरावर. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे.

2013 ला उन्हाळी मोजणीत पक्षी एकदम 64 टक्के कमी निघाले. ही मोजणी म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे, दव असताना, ठरलेल्या 110 रस्त्यांवर प्रत्येकी तीस मैल गाडी हळू चालवायची आणि अंग सुकवायला रस्त्याकडेला आलेल्या माद्या-पिल्लं मोजायची. ओल्या गवतात त्यांना गारठा लागतो म्हणून त्या उघड्यावर येतात, साधी पण जबरी युक्ती आहे. बाहेरगावचे शिकारी हा आकडा बघूनच ठरवायचे की यंदा जायचं की नाही. तर 2020 मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने हा सर्व्हेच बंद केला, सीझन ठरवायला त्याची गरज नाही म्हणे! आता आकडा कमी आला की मोटेल रिकामी राहतात हे कोणाला कळत नाही का, बरीच टीका झाली यावर, आणि ती रास्तच होती.

पैशाचं गणितही यातच आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, लांब बंदुकीवर 11 टक्के, आणि बदल्यात राज्याने लायसनचा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. त्यामुळे बाहेरच्या राज्यातून येणारा माणूस खात्याला प्यारा. पण त्याला लायसन मिळतं ते पाच-पाच दिवसांच्या दोन तुकड्यांत, सलग महिनाभर बसून राहता येत नाही, म्हणून पहिली तुकडी ओपनिंगला लावायची की थंडी पडल्यावर नोव्हेंबरात, मका कापून झाल्यावर, यावर मित्रामित्रांत वाद. उभा मका असला की पक्षी त्यात घुसतात आणि हाती काही लागत नाही, कापणी झाली की ते गवतात आणि पाणकणसात येतात.

जमीन बहुतेक खाजगी. पूर्वी शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारलं, जाताना दोन पक्षी दिले की काम व्हायचं, आता बऱ्याच ठिकाणी पैसे घेणारे लॉज आहेत. ज्यांना ते परवडत नाही ते वॉक-इन जमिनींचे, म्हणजे लोकांना पायी जाऊन शिकार करता यावी म्हणून राज्याने भाड्याने घेतलेल्या खाजगी जमिनींचे, नकाशे घेऊन बसतात, 1995 पासून कॅन्ससनेही अशी योजना मोठ्या प्रमाणावर चालवलीय. नाहीतर मग सार्वजनिक रस्त्याच्या कडेचे चर, तिथे साउथ डकोटात नियम पाळून शिकार करता येते.

नकाशावर हिरवा तुकडा दिसला तरी मुरलेला माणूस एक फोन करून खात्री करतो, कारण दुष्काळी वर्षी सरकार सीआरपीतलं गवतही जनावरांसाठी कापायला परवानगी देतं, आणि मग ऑक्टोबरात सहाशे मैल गाडी हाकून पोचावं तर तिथे गवताच्या जागी गठ्ठे रचलेले आणि कुत्रं बिचारं धसकटांत इकडून तिकडे.