गडी सडपातळ, तरी एलडीएल २५०

सांगली-मिरजेकडं पस्तिशीतल्या कुणाला अटॅक आला की लोक लगेच म्हणतात, मटण जास्त झालं असेल नाहीतर टेन्शन. पण गडी सडपातळ, रोज उसात राबणारा, आणि त्याचा बापही चाळिशीतच अटॅकनं गेलेला, असं असलं तर संशय एफएचचा घ्यायचा. पूर्ण नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातच चालत आलेलं चढं कोलेस्टेरॉल.

रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, लिव्हर उचलतं आणि त्यासाठी लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारे आकडे असतात, हे ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधलं, १९८५ चं नोबेल मिळालं त्यांना. आई किंवा बापाकडून बिघडलेला जीन आला की ही उचल कमी पडते, एलडीएल जन्मापासूनच चढं. साधारण २५० माणसांत एकाला असतं हे, म्हणजे पाच हजाराच्या गावात वीसेक जण!

दोन्हीकडून जीन आला तर मात्र अवघड, शाळकरी पोरालाही अटॅक येऊ शकतो. असं लाखांत एखादंच, पण आपल्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत आहे, एकच जीन दोन्हीकडं असायची शक्यता वाढते. राग आला तरी चालेल, पण सोयरीक जमवताना याचा विचार कराच.

दुखत-खुपत काही नाही. काहींची टाचेमागची दोरीसारखी शीर (कंडरा) जाड होते, बोटांच्या सांध्यांवर गाठी येतात, पापण्यांवर पिवळे चट्टे, नाहीतर तरुणपणीच बुबुळाभोवती पांढरट कडं. आजोबांच्या डोळ्यात तसलं कडं असलं तर त्यात विशेष नाही. ट्रायग्लिसराइड्सचाही, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या चरबीचाही असाच आनुवंशिक प्रकार आहे, त्यात सिरम (रक्तातलं पाणी) दुधासारखं दिसतं, स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात मरणाच्या कळा येतात, तिथं तेल-तूप आणि दारू खरंच तोडावी लागते.

एफएचमध्ये नुसतं पथ्य पुरत नाही, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लागतेच. जपानच्या अकिरा एंडोंना पहिलं स्टॅटिन बुरशीत सापडलं, १९७० च्या दशकात. तेवढ्यानं नाही उतरलं तर एझेटिमाइब ही दुसरी गोळी, मग पीसीएसके-९ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं, ती महाग पडतात. आपली माणसं रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद करतात, अहो तो नॉर्मल गोळीमुळंच आलाय, जीन तिथंच आहे! गोळी चालू असताना बाळाचा विचार असेल तर बायकांनी आधी डॉक्टरांना सांगायचं.

घरात एकाचं एलडीएल १९० च्या वर निघालं तर भावंडं, पोरं, सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा, प्रत्येक पोरात जीन उतरायची शक्यता निम्मी असते आणि गरज पडली तर आठ-दहा वर्षांच्या पोरालाही डॉक्टर गोळी सुरू करतात.